पिकलें पान आणि मोटारीचा परवाना

बैलगाडीच्या काळांत गाडीवानाच्या वयाची चौकशी कोणी करीत नसे. म्हातारा गाडीवान बाजाराहून परततांना बिनदिक्कत डुलकी घेई, आणि बैल पायांखालची वाट ओळखून त्याला घरच्या अंगणांत आणून सोडीत. घोड्याच्या गाडीचेंही तसेंच. अयोध्येच्या राजाचा सारथी सुमंत्र वृद्ध होता. पण त्याच्या रथाला जुंपलेले घोडे डोळस होते, आणि वाटेंत खड्डा किंवा माणूस आडवा आला तर सारथ्याच्या आधीं तेच बिचकत. वाहन ओढणाऱ्या जनावराला स्वतःचे डोळे, स्वतःचे कान आणि स्वतःच्या जिवाची भीति असे. मोटार आली आणि हा दुसरा पहारेकरी नाहींसा झाला. वाहनाला जी कांहीं दृष्टि उरली ती एकट्या हांकणाऱ्याची, आणि ती मंदावली म्हणजे सारें वाहनच आंधळें होतें. वृद्ध माणसानें गाडी हांकावी कीं न हांकावी हा प्रश्न म्हणूनच पुराणकाळचा नव्हे. तो मोटारीबरोबर जन्मास आला, आणि मोटारीबरोबरच वयानें वाढला.

या इतिहासाचे धागे इंग्लंडांत जितके सलग सांपडतात तितके अन्यत्र क्वचितच सांपडतील. शिवाय आपल्याकडील मोटारीचा कायदाही मूळ त्याच मुशींतून ओतलेला असल्यामुळें तेथूनच आरंभ करणें सोयीचें आहे. १८६५ च्या इंग्रजी कायद्यानें यंत्रानें चालणाऱ्या गाड्यांस शहरांत ताशीं २ मैल व बाहेर ४ मैल एवढाच वेग मोकळा ठेवला होता, आणि गाडीच्या पुढें ६० यार्डांवर तांबडें निशाण घेऊन एका माणसानें चालावें असा दंडक घातला होता. त्या काळीं हांकणाऱ्याची दृष्टि क्षीण असती तरी फारसें बिघडलें नसतें. पुढें चालणारा माणूस हाच गाडीचा डोळा होता. अशा माणसाची अट १८९६ मध्यें पार गेली. त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची ४४ वर्षांची स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्यानें पादचारी मेल्याची ती इंग्लंडांतील पहिली नोंद. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनें, अशी गोष्ट पुनः कधीं घडूं नये, अशी आशा व्यक्त केली. आशा भाबडी होती, पण ती करणाऱ्याला भाबडा म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. पुढें काय वाढून ठेवलें आहे हें त्या दिवशीं कोणालाच दिसत नव्हतें.

१९०३ च्या कायद्यानें हांकणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला. वयाचीं १७ वर्षें पुरीं असावीं आणि पांच शिलिंग भरावे, एवढ्यावर तो मिळे. परीक्षा नाहीं, डोळ्यांची तपासणी नाहीं, आणि वयाची वरची मर्यादा तर नाहींच. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर पोरसवदा, उतावळा मनुष्य होता. वृद्ध मोटार हांकणारा ही कल्पनाच त्या वेळीं कोणाला सुचण्यासारखी नव्हती, कारण खुद्द मोटारच अजून पाळण्यांत होती. १९३० सालीं अर्जदारानें आपणांस अमुक अमुक व्याधि नाहींत असें स्वतः लिहून द्यावें अशी तरतूद आली. परंतु त्याच कायद्यानें हलक्या मोटारींवरील वेगाची मर्यादाही उठविली. एका हातानें लगाम खेंचावा आणि दुसऱ्या हातानें चाबूक मारावा, त्यांतलाच हा प्रकार. १९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्यांतील निम्म्याच्या आसपास पायीं चालणारीं होतीं. साऱ्या देशांत त्या वेळीं मोटारवाहनें पंचवीस लाखांच्या घरांत होतीं. तुलनेसाठीं एवढेंच सांगावें कीं, २०२३ सालीं तेथें चार कोटींहून अधिक वाहनें असतां मेलेल्यांची संख्या १,६२४ होती.

हा संहार पाहून वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनीं कंबर कसली. वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा आली. रस्ता ओलांडण्याच्या जागीं पिवळसर गोळे बसविलेले खांब उभे राहिले, ते आजही बेलिशांच्याच नांवानें ओळखले जातात. आणि नव्यानें गाडी हांकूं लागणाऱ्यांना परीक्षा आली. मार्च १९३५ पासून ती ऐच्छिक होती, १ जूनपासून सक्तीची झाली. परीक्षेसाठीं स्वतंत्र जागा कोठेंच नव्हत्या. परीक्षक उमेदवाराला एखाद्या बागेपाशीं, पोस्टापाशीं किंवा रेल्वे स्टेशनाबाहेर गांठीत. फी साडेसात शिलिंग. डोळ्यांची कसोटी साधी होती: २५ यार्डांवर उभ्या असलेल्या मोटारीच्या पाटीवरील नंबर दिवसाच्या उजेडांत वाचून दाखवावयाचा. नव्वद वर्षें उलटून गेलीं तरी ही पाटी अजून उतरलेली नाहीं, हें पुढें दिसेलच.

या व्यवस्थेंत एक गोम होती. परीक्षा होती ती १ एप्रिल १९३४ रोजीं किंवा त्यानंतर गाडी हांकूं लागलेल्यांना. त्यापूर्वींच्या सर्वांस माफी होती. पुढें महायुद्ध पेटलें आणि परीक्षा बंद पडल्या, त्या थेट १ नोव्हेंबर १९४६ रोजीं पुनः सुरू झाल्या. आणि युद्धकाळांतील शिकाऊ परवाने परीक्षेवांचून पक्के करून घेण्यास १९४७ मध्यें एक वर्षाची सवलत मिळाली. याचा हिशेब मांडून पाहावा. १९३३ सालीं सतराव्या वर्षीं परवाना घेतलेला तरुण १९८६ मध्यें सत्तर वर्षांचा झाला. तो दीर्घायुषी निघाला असेल तर विसावें शतक सरेपर्यंत रस्त्यावर होता, आणि आपल्याला गाडी हांकतां येते किंवा नाहीं हें साऱ्या आयुष्यांत त्याला कोणीं एकदांही विचारलेलें नव्हतें. इंग्लंडांतील वृद्ध मोटार हांकणाऱ्यांची पहिली मोठी पिढी ती हीच.

१९७६ पासून तेथें परवान्याची मुदत हांकणाऱ्याच्या सत्तराव्या वाढदिवसापर्यंत ठरविण्यांत आली. त्यापुढें दर तीन वर्षांनीं नूतनीकरण. परंतु तें वैद्यकीय तपासणीनें नव्हे, तर अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दावर. मला दिसतें, मी बरा आहें, असें त्यानें लिहून द्यावयाचें आणि सरकारनें तें मानावयाचें. माणसाच्या प्रामाणिकपणावर एवढा भरंवसा टाकणारा दुसरा सरकारी कागद शोधूनच काढावा लागेल. मात्र येथें प्रश्न प्रामाणिकपणाचा थोडा आणि जाणीवेचा अधिक आहे. ज्याची दृष्टि एकाएकीं जाते त्याला ती गेल्याचें कळतें. ज्याची दहा वर्षें तिळातिळानें जाते त्याला जगच थोडें अंधुक झाल्यासारखें वाटतें.

वयाबरोबर शरीरांत काय घडतें हें शास्त्रज्ञांनीं बारकाईनें मोजलेलें आहे. बाहुली लहान होत जाते आणि नेत्रमणि पिवळा पडत जातो; त्यामुळें साठाव्या वर्षीं डोळ्याच्या पडद्यावर पोहोंचणारा प्रकाश विसाव्या वर्षाच्या सुमारें एक-तृतीयांशच असतो. समोरच्या गाडीच्या दिव्यानें दिपलेले डोळे पूर्ववत् व्हावयास वृद्धाला जास्त वेळ लागतो. मान पुरती वळत नाहीं. डोळ्यांनीं पाहिलेलें मनाला कळणें, मनानें ठरविणें आणि पायानें दाबणें या तिन्हींच्या मध्यें पळें वाढतात.

असें असतां वाटेल कीं, नंबराची पाटी वाचतां आली कीं सारें भागलें. याच समजुतीला पहिला धक्का कॅलिफोर्नियांत बसला. तेथें १९६० नंतरच्या दशकांत आल्बर्ट बर्ग यांनीं सतरा हजारांहून अधिक मोटार हांकणाऱ्यांची दृष्टि तपासून ती त्यांच्या अपघातांच्या नोंदींशीं ताडून पाहिली. बारीक अक्षर वाचण्याची शक्ति आणि अपघात यांचा संबंध त्यांना फारच दुबळा आढळला. मग दोष कोठें आहे? त्याचें उत्तर पुढें अलाबामांत मिळालें. कार्लीन बॉल, सिंथिया औस्ली व त्यांचे सहकारी यांनीं ५५ ते ९० या वयांतील २९४ हांकणारे निवडले आणि एका दृष्टिक्षेपांत, डोळा न हलवितां, मनुष्य किती गोष्टी टिपतो हें मोजलें. समोरच्या वस्तूवर लक्ष असतांनाच कडेनें येणारी दुसरी वस्तु ध्यानांत येते कीं नाहीं, हा त्या कसोटीचा गाभा. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत या शक्तीचा ऱ्हास व पूर्वीं झालेले अपघात यांचा स्पष्ट मेळ दिसला. आणि १९९८ च्या दुसऱ्या निबंधांत, ही शक्ति चाळीस टक्के वा अधिक घटलेल्यांना पुढील तीन वर्षांत अपघात होण्याचा संभव इतरांच्या २.२ पट आढळला. म्हणजे बिघाड डोळ्यांत जेवढा, त्याहून अधिक डोळ्यांच्या मागें.

चौकांतले अपघात वृद्धांच्या वांट्याला अधिक कां येतात याचा उलगडा येथें होतो. तरुण हांकणारा मरतो तो वेगानें, दारूनें, रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर झाडाला धडकून. वृद्ध मनुष्य त्यांतलें सहसा कांहींच करीत नाहीं. तो हळू जातो, दिवसा जातो, दारू पिऊन जात नाहीं. त्याची फसगत होते ती जेथें दोन्ही बाजूंनीं गाड्या येतात, त्यांचा वेग व अंतर एकाच वेळीं जोखावें लागतें, आणि समोरच्या धारेंतून आडवें जावें लागतें तेथें.

याचें जगाला ठाऊक झालेलें उदाहरण १७ जानेवारी २०१९ चें. राणी एलिझाबेथचे पति प्रिन्स फिलिप हे त्या वेळीं ९७ वर्षांचे होते. सँड्रिंगहॅमच्या आवारांतून हमरस्त्यावर येतांना त्यांची लँड रोव्हर एका लहान मोटारीवर आदळून उलटली. त्या मोटारींत दोन स्त्रिया आणि नऊ महिन्यांचें मूल होतें. एकीचें मनगट मोडलें. मूल सुखरूप राहिलें. पुढें पाठविलेल्या दिलगिरीच्या पत्रांत फिलिप यांनीं कललेल्या सूर्याची तिरीप डोळ्यांवर आल्याचें लिहिलें. त्यांच्यावर खटला झाला नाहीं. ९ फेब्रुवारीस त्यांनीं आपण होऊन परवाना परत केला. ज्या वयाच्या कितीतरी आधींच आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा उरकलेला असतो, त्या वयांत हा राजपुरुष स्वतः गाडी हांकीत होता. त्याच्या जिद्दीचें कौतुक वाटावें. पण त्या दुसऱ्या मोटारींतील मूल आठवलें म्हणजे तें कौतुक ओठांवरच राहतें.

सर्वच प्रसंग असे निभावले नाहींत. त्याच देशांत कोल्चेस्टर येथें फेब्रुवारी २०११ मध्यें ८७ वर्षांच्या एका गृहस्थाची मोटार पादचारी वाटेवर चढली आणि तिच्याखालीं १६ वर्षांची शाळकरी मुलगी मेली. त्यापूर्वीं अवघ्या तीन दिवसांमागें एका किरकोळ धडकेनंतर पोलिसांनीं त्याच गृहस्थाला नंबराची पाटी वाचावयास लाविलें होतें, आणि त्याला ती वाचतां आली नव्हती. परवाना स्वखुशीनें द्या म्हणून पोलिसांनीं त्याला समजावलें. त्यानें ऐकलें नाहीं. तो तेथल्या तेथें काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना नव्हता, आणि परवाना देणाऱ्या खात्याचा कागद टपालाच्या गतीनें चालत होता. मुलीच्या आईनें मग हा प्रश्न तडीस नेला. २०१३ पासून पोलिसांना विजेच्या टपालानें खात्याकडे तातडीची मागणी करून असा परवाना कांहीं तासांत रद्द करवून घेतां येऊं लागला. तीन दिवसांचें अंतर भरून काढावयास एका मुलीचा जीव आणि दोन वर्षें लागलीं. तरीही मूळ व्यवस्था हलली नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें लँकेशायरच्या वरिष्ठ कॉरोनरनें चार मृत्यूंच्या चौकशीनंतर सरकारला लिहिलें कीं, दृष्टीच्या बाबतींत ब्रिटनचे परवान्याचे नियम युरोपांत सर्वांत सैल आहेत. या चारही मृत्यूंना जबाबदार असलेल्या हांकणाऱ्यांची दृष्टि कायद्यास पुरेशी नव्हती.

अमेरिकेंत १६ जुलै २००३ रोजीं सांता मोनिका येथील भाजीबाजारांत ८६ वर्षांच्या एका वृद्धाची मोटार गर्दींतून भरधाव गेली आणि दहा माणसें ठार झालीं. ब्रेक दाबावयाचा तो पाय ॲक्सिलरेटरवर पडला, असें चौकशींत निघालें. ही चूक तरुणांच्याही हातून घडते. मात्र तरुण ती क्षणांत ओळखून पाय उचलतो, आणि वृद्ध गोंधळून तोच पाय अधिक जोरानें दाबतो.

जपानची कथा या सर्वांहून विस्तारानें सांगण्यासारखी आहे, कारण वार्धक्यानें तें राष्ट्र सर्वांच्या पुढें गेलेलें आहे. १९९७ मध्यें तेथें ७५ वर्षांवरील हांकणाऱ्यांसाठीं गाडीवर लावावयाचें एक चिन्ह ठरलें. तें नारिंगी-पिवळ्या रंगाच्या पानाचें होतें. शरदऋतूंतील मेपलच्या पानाची शोभा त्यांतून सुचवावयाची होती. म्हाताऱ्यांना मात्र त्यांत गळून पडावयास आलेलें सुकें पान दिसलें. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला प्रेमानें पिकलें पान म्हणतात, आणि कोणी रागावत नाहीं. पण तेंच पान सरकारनें गाडीवर डकवावयास सांगितलें तर येथेंही सुरकुतलेल्या भिंवया वर चढल्याच असत्या. जपानी सरकारनें अखेर २०११ सालीं चिन्ह बदललें व चार रंगांच्या चौपानी क्लोव्हरचें नवें चिन्ह आणलें. यापेक्षां महत्त्वाची गोष्ट १९९८ ची. त्या वर्षापासून परवाना स्वखुशीनें परत करण्याची रीत कायद्यानें घालून दिली. २००९ मध्यें ७५ वर्षांवरील सर्वांस नूतनीकरणापूर्वीं स्मरणशक्तीची व आकलनाची चांचणी आली, आणि २०१७ मध्यें तींत कमी पडणाऱ्यांना डॉक्टरकडे जाणें भाग झालें.

एवढें असूनही १९ एप्रिल २०१९ चा दिवस टळला नाहीं. टोकियोच्या इकेबुकुरो भागांत ८७ वर्षांच्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या मोटारीनें रस्ता ओलांडणारी ३१ वर्षांची माता आणि तिची तीन वर्षांची मुलगी या दोघींना चिरडलें. दोघीही सायकलवर होत्या. दोष गाडीचा आहे, असें अधिकारी खटल्यांत सांगत राहिला. न्यायालयानें २०२१ मध्यें तें अमान्य करून त्याला पांच वर्षांची शिक्षा दिली, आणि तुरुंगांतच त्याला मरण आलें. या अपघातानें जपानी कुटुंबांत जें घडलें तें कोणत्याही कायद्यानें घडविलें नसतें. मुलें आईबापांशीं बोलूं लागलीं. त्या एका वर्षांत सुमारें सहा लाख लोकांनीं आपले परवाने परत केले. २०२२ पासून ज्या पंचाहत्तरीवरील मनुष्याच्या नांवावर ठराविक नियमभंग नोंदलेले आहेत, त्याला प्रत्यक्ष गाडी हांकून दाखविण्याची परीक्षा आहे.

आतां दुसरी बाजू. सहा लाख परवाने परत आले म्हणजे सहा लाख धोके टळले असें गणित मांडणें सोपें आहे, आणि तें चुकीचें आहे. वृद्ध हांकणाऱ्यांच्या मृत्यूचे आंकडे पाहून लोक दचकतात, त्यांत एक मेख आहे. एकच धक्का विशींतल्या मनुष्याची बरगडी मोडतो आणि ऐंशींतल्याचा जीव घेतो. अमेरिकेंतील गुओहुआ ली, एलिसा ब्रेव्हर व ली-हुइ चेन यांनीं २००३ सालीं हा हिशेब वेगळा काढला, तेव्हां वृद्ध हांकणाऱ्यांच्या मृत्यूंतील वाढीचा साठ ते पंचाण्णव टक्के भाग शरीराच्या नाजूकपणानें घडलेला निघाला; अपघात अधिक करण्यानें नव्हे. दुसरी मेख मैलांची. वर्षाकाठीं थोडेच मैल हांकणारा मनुष्य बहुधा गांवांतल्या गांवांत, चौकाचौकांतून हांकतो. लांबचा मोकळा रस्ता त्याच्या वांट्याला येत नाहीं. म्हणून दर मैलामागें त्याचे अपघात अधिक दिसतात, मग तो तीस वर्षांचा असो कीं ऐंशींचा. पुरेसे मैल हांकणारे वृद्ध घेतले तर त्यांची नोंद मध्यमवयीनांच्या नोंदीहून फारशी वाईट नाहीं, असें फिनलंडच्या लीसा हाकामिएस-ब्लोम्क्विस्त व ऑस्ट्रेलियाचे जिम लँगफर्ड यांनीं वेगवेगळ्या देशांच्या माहितीवरून दाखविलें.

याच हाकामिएस-ब्लोम्क्विस्त यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९९६ मध्यें केलेली तुलना तर कायदे करणाऱ्यांच्या मेजावर नेहमीं ठेवण्यासारखी आहे. फिनलंड आणि स्वीडन, शेजारी देश, हवा एक, रस्ते सारखे. फिनलंडांत सत्तरीनंतर परवान्यासाठीं वैद्यकीय तपासणी सक्तीची, स्वीडनमध्यें वयासाठीं कसलीच तपासणी नाहीं. अपेक्षा अशी कीं फिनलंडचे म्हातारे अधिक सुरक्षित असावेत. मोटारींच्या अपघातांत तसा फरक मुळींच दिसला नाहीं. उलट पायीं अगर सायकलनें जाणारे वृद्ध मात्र फिनलंडांत अधिक मेले. ज्यांनीं तपासणीच्या धाकानें गाडी सोडली ते घरांत बसून राहिले नाहींत. ते लोखंडी पेटी सोडून उघड्या रस्त्यावर उतरले, आणि तेथें त्यांना दुसऱ्यांच्या मोटारीनें गांठलें. जपानच्या २०१७ च्या नियमाची पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिचा रोखही बराचसा असाच: पंचाहत्तरीवरील पुरुषांच्या गाड्यांचे अपघात कमी झाले खरे, पण पायीं व सायकलनें जाणारे वृद्ध अधिक जखमी झाले. शिवाय न्यू हेवन येथें १९९७ मध्यें रिचर्ड मारोटोली यांनीं दाखवून दिलें कीं, गाडी सोडलेल्या वृद्धांत खिन्नतेचीं लक्षणें वाढतात. ज्या खेड्यांत बस येत नाहीं आणि दवाखाना बारा मैलांवर आहे, तेथें परवाना हा कागद नसतो, तो म्हातारपणाची काठी असतो.

म्हणून सरसकट वयाची कात्री चालवूं पाहणाऱ्यांचें म्हणणें पुरतें पटत नाहीं. परंतु कांहींच करूं नये म्हणणाऱ्यांनींही फ्लॉरिडाकडे पाहावें. तेथें २००४ पासून ऐंशीं वर्षांवरील प्रत्येकाला नूतनीकरणापूर्वीं दृष्टीची चांचणी सक्तीची झाली. पुढील कांहीं वर्षांत सर्व वयांच्या हांकणाऱ्यांचा मृत्युदर सहा टक्क्यांनीं वाढला असतां ऐंशींवरील लोकांचा सतरा टक्क्यांनीं घटला, असें २००८ च्या पाहणींत आढळलें. आणि गंमत अशी कीं, ज्यांनीं चांचणी दिली त्यांतील बहुतेकांना परवाना मिळालाच. चांचणीच्या निमित्तानें लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, चष्मे बदलले, मोतीबिंदु काढवून आले. खरा लाभ तेथें असावा असें मानावयास जागा आहे.

मोतीबिंदूचा तर पुरावाच आहे. औस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोतीबिंदु असलेल्या ५५ ते ८४ वर्षांच्या २७७ हांकणाऱ्यांवर चार ते सहा वर्षें नजर ठेविली. १७४ जणांनीं शस्त्रक्रिया करून घेतली, १०३ जणांनीं घेतली नाहीं. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रिया झालेल्यांचें अपघातांचें प्रमाण न झालेल्यांच्या निम्म्याहून कमी. परवाना काढून न घेतां अपघात निम्मे करणारा उपाय सहसा सांपडत नाहीं. येथें तो अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेंत सांपडला.

हिंदुस्थानांत हा प्रश्न अजून दारांत उभा आहे, घरांत आलेला नाहीं. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयांतील होतीं. येथील संहार तरुणांचा आहे. परंतु इंग्लंडच्या १९३४ च्या पिढीसारखीच एक पिढी येथेंही पायरी चढून येत आहे. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या दारांत प्रथमच मोटार उभी राहिली. ज्यानें तिसाव्या वर्षीं ती घेतली तो २०२३ मध्यें सत्तरीचा झाला. मुंबई-पुण्यांतील कित्येक घरांत आज आजोबांच्या खिशांत किल्ली असते, मुलगा परदेशांत असतो, आणि गाडी कोणीं हांकावी हा विषय जेवतांना निघाला कीं पानावरचें बोलणें थांबतें.

कायद्याची स्थिति अशी. १९१४, १९३९ व १९८८ असे तीन कायदे येथें झाले. १९८८ च्या कायद्यांत खासगी गाडीचा परवाना वीस वर्षांचा किंवा पन्नाशीपर्यंत, त्यापुढें दर पांच वर्षांनीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मुदतीची वांटणी बदलली: तीस वर्षांखालच्यांना चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासांतल्यांना दहा वर्षें, पन्नास ते पंचावन्नांतल्यांना साठीपर्यंत, आणि पंचावन्नांपुढें पूर्वींप्रमाणें पांच वर्षें. वरची मर्यादा नाहीं. वय वाढल्यावर नमुना १-अ या कागदावर नोंदणीकृत डॉक्टरचें प्रमाणपत्र लागतें. त्या जोडीला नमुना १ आहे, तो अर्जदारानें स्वतः भरावयाचा. फेफरें येतें काय, तांबडा व हिरवा रंग ओळखतां येतो काय, गाडीचा भोंगा ऐकूं येतो काय, असे त्यांत प्रश्न आहेत. बेलिशांची जुनी पाटीही तेथेंच भेटते. यार्डांचे फक्त मीटर झाले आहेत. २५ मीटरांवरील मोटारीच्या नंबराची पाटी, चष्मा असल्यास चष्म्यासह, दिवसाच्या स्वच्छ उजेडांत दिसते काय, असें तो कागद विचारतो. अंधाराविषयीं त्यांत एकच प्रश्न आहे, रात्रांधळेपणा आहे काय हा. आणि त्यापुढें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ हें ज्याचें त्यानेंच लिहावयाचें असतें.